दोनशे शहात्तर इंजेक्शनं

"नोंद कशी असावी? माझ्या प्रोग्रॅममधल्यासारखी! एकदा लिहिली की प्रत्यक्ष ब्रह्मदेव भिंग घेऊन बसला तरी त्याला चूक सापडायची नाही!"

हे वाक्य बिनचूकने जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांदेखत, सासूबाईंना ऐकवलं. बायकोने त्याला टेबलाखालून पायाने ढोसलं. पण एकदा छाती फुगली की त्याला खालचं काही जाणवत नसे.

बिनचूक हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते बायकोने ठेवलेलं. लग्नाला तीन महिने झाले होते, आणि तिने केलेली सामानाची यादी वर्णानुक्रमे नाही म्हणून या गृहस्थाने ती पुन्हा लिहायला लावली होती. त्या दिवशी तिने यादीसह कपाळाला हात लावला आणि हे नाव चिकटवलं. त्याला ते फार आवडलं! टोमणा आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही. ऑफिसात तो जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचा, आणि दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढताना त्याचा चेहरा असा काही उजळायचा की आजूबाजूचे दिवे मालवले तरी चालले असते.

सासूबाई जनावरांच्या डॉक्टर. तळमजल्यावर दवाखाना, वर घर. जनावरांशी त्या तासन् तास गोड बोलायच्या आणि माणसांशी दोन शब्दांत आटपायच्या. जावयाशी एका शब्दात. गेल्या पाच वर्षांत बिनचूकला त्यांच्याकडून "बरं" याच्यावर काही मिळालेलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्याला फार लागून राहिली होती.

दवाखान्याचा दुसरा खांब म्हणजे कंपाउंडरकाका. सव्वीस वर्षं त्याच खोलीत, त्याच पांढऱ्या कोटात. बाईंनी आतल्या खोलीत जनावर तपासायचं, चिठ्ठी द्यायची, आणि शेजारच्या खोलीत काकांनी सुई टोचायची. टोचलं की लगेच एका लांबरुंद वहीत नोंद करायची. ते अक्षर जगात दोनच माणसांना वाचता येई. एक काका आणि दुसऱ्या बाई, त्याही चष्मा पुसून, खिडकीपाशी जाऊन.

"आई, ही वही आता बंद!" बिनचूकने जाहीर केलं. "मी प्रोग्रॅम करून देतो. काकांनी यादीतून जनावर निवडायचं आणि 'दिलं' हे बटण दाबायचं. बस्स! वेळेसकट नोंद आपोआप फाइलमध्ये. टाइप केलेल्या स्वच्छ अक्षरात!"

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

त्याने आठ दिवसांत प्रोग्रॅम आणून बसवला. नोंद कुठल्या फाइलमध्ये लिहायची, वेळ कशी टाकायची, नवी ओळ जुनीच्या खाली जोडायची की जुनं पुसून लिहायचं, हे सांगणारी सेटिंगची एक छोटी वेगळी फाइल त्याने शेजारी ठेवली होती. दुसऱ्याच दिवशी प्रोग्रॅम ढिम्म! एक अक्षर लिहीना. ऑफिसातून धापा टाकत आलेल्या बिनचूकने शोधशोध केली, तर सेटिंगची फाइल गायब.

"ती होय?" काका शांतपणे म्हणाले. "सकाळी झाडलोट केली तेव्हा कॉम्प्युटरचीही केली. उघडून बघितली हो मी! चारच ओळी होत्या, आणि एकही आपल्या पेशंटची नव्हती. मग टाकली."

बिनचूकने डोळे मिटून दहा आकडे मोजले. सातव्या आकड्याला त्याला युक्ती सुचली. वेगळी फाइल ठेवायचीच कशाला? सगळी सेटिंग थेट प्रोग्रॅमच्या पोटात, जावाच्या ओळींमध्ये लिहून टाकायची! नोंदी लिहिणारा जो भाग असतो, ज्याला त्याच्या धंद्यात हँडलर म्हणतात, तो प्रोग्रॅमनेच जन्माला घालायचा, प्रोग्रॅमनेच त्याच्या हातात फाइल द्यायची. मग काकांनी खुशाल झाडू मारावा नाहीतर पाणी ओतावं!

त्या संध्याकाळी त्याने त्या पाच-सहा ओळी लिहिल्या आणि घरच्या म्हाताऱ्या कुत्र्यावर त्यांची परीक्षा घेतली. म्हणजे कुत्रा नुसता टेबलाखाली झोपला होता, परीक्षा बटणाची होती. बटण एकदा दाबलं. फाइलमध्ये एक ओळ! प्रोग्रॅम बंद केला, पुन्हा सुरू केला, पुन्हा एकदा दाबलं. एक ओळ! असं त्याने पाच वेळा केलं, आणि दर वेळी प्रोग्रॅम बंद करून, नव्याने सुरू करून. शेवटी परीक्षेच्या ओळीही पुसल्या. शिस्त म्हणजे शिस्त.

"काका, एकच नियम," त्याने बोट उगारून सांगितलं. "सुई दिल्याशिवाय बटण दाबायचं नाही."

"छे छे! सुई दिल्याशिवाय दाबणार नाही," काकांनी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी कौतुक ऐकायला मिळावं म्हणून बिनचूकने ऑफिसातून रजा काढली. सकाळी नऊ ते दीड, तेवीस जनावरं आली. काका टोचत होते आणि दाराची घंटा वाजवावी तसं एका बोटाने बटण दाबत होते. शेवटचं जनावर एक कासव होतं, त्याला ताकदीचं इंजेक्शन मिळालं आणि दवाखाना बंद झाला. सासूबाई चष्मा लावून कॉम्प्युटरसमोर बसल्या. बिनचूक मागे हात बांधून उभा राहिला.

"तपकिरी कुत्रा. इंजेक्शन दिले," सासूबाईंनी वाचलं. "बरं."

बिनचूक गालात हसला.

"पांढरी मांजर. इंजेक्शन दिले. पांढरी मांजर. इंजेक्शन दिले." त्यांनी मान वर केली. "दोनदा?"

"दोन मांजरी असतील, आई."

"एकच होती. शिंकत होती." त्या पुढे वाचू लागल्या. "ससा. ससा. ससा. काळी शेळी. काळी शेळी. काळी शेळी. काळी..."

शेळी चारदा होती. पोपट बारा वेळा. कासवापाशी पोहोचेपर्यंत सासूबाई बोट लावून मोजत होत्या, आणि त्यांचा आवाज एकेका ओळीला एकेक पायरी वर चढत होता.

"कासव, तेवीस वेळा! एक वाजून बावीस मिनिटांनी! सगळी एकाच मिनिटात! जावईबापू, हा माणसाचा हात आहे की शिवणयंत्र?"

आता वाचकहो, कुठल्याही शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. बिनचूकलाही आली. पण ती काकांबद्दल आली!

"सोपं आहे," तो म्हणाला. "बटण दाबल्याशिवाय ओळ येत नाही. आणि सुई दिल्याशिवाय काका बटण दाबत नाहीत. आता तुम्हीच बघा."

काका दारात हात पुसत उभे होते. त्यांच्या हातातला टॉवेल तिथेच थांबला.

"बाई, मी प्रत्येकाला एकदाच टोचलं. आणि बटणही एकदाच दाबलं. रिकाम्या बाटल्या टोपलीत आहेत. मोजून घ्या."

बाटल्या मोजल्या. तेवीस भरल्या. इथे तरी माणसाने गप्प बसावं! पण ब्रह्मदेवाला आव्हान दिलेला गडी तो.

"मोजण्यात चूक होते, काका," तो समजूतदार आवाजात म्हणाला, आणि तो आवाज शिवीपेक्षा वाईट होता. "माणूस आहे, वय होतं, हातून काय झालं ते आठवत नाही. फाइलला वय नसतं."

काकांनी टॉवेलची नीट चौकोनी घडी घातली. मग कोटाची बटणं वरून खाली एकेक करून सोडली, कोट खुंटीला अडकवला आणि औषधांच्या कपाटाची किल्ली बाईंसमोर टेबलावर ठेवली.

"सव्वीस वर्षांत मी उंदरालासुद्धा एक टोचणी जास्त दिलेली नाही, बाई. ज्या हातावर शंका आली त्या हाताने आता जनावर धरायचं नाही."

"काका, उगाच काहीतरी बोलू नका," सासूबाईंचा आवाज कापला. बिनचूकने तो तसा कधी ऐकला नव्हता. "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण हे तेवीस जीव आहेत. आधी त्यांना बघू दे. मग आपण बोलू."

"बघा. सगळी सुखरूप आहेत एवढं कळलं की मी जातो."

असं म्हणून काका बाहेर जाऊन बसले, पेशंटच्या बाकावर. कोटाशिवाय ते एकाएकी दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले. बायकोने जिन्यावरून नवऱ्याकडे असं काही बघितलं की बिनचूकला भिंतीवरचं लसीकरणाचं पत्रक वाचायची तातडीची गरज वाटू लागली.

मग फोन सुरू झाले. सासूबाईंनी जमेल तेवढं हसत विचारायचं ठरवलं होतं.

"कशी आहे हो मांजर?"

"आल्यापासून झोपलीय, डॉक्टरबाई."

"झोपलीय!" सासूबाई खुर्चीतून उठल्याच. मांजरं दिवसातून सोळा तास झोपतात हे पस्तीस वर्षं लोकांना सांगणाऱ्या बाई! पण दोन इंजेक्शनांच्या धास्तीने सगळं शिक्षण धुऊन निघालं होतं. "ताबडतोब घेऊन या!"

ससा काही खात नव्हता. तो सकाळीच पोटभर खाऊन आला होता हे कोणी सांगितलं नाही. शेळी मालकाच्या चपला खात होती, म्हणजे तिला भ्रम झाला असणार. पोपटाच्या मालकीणबाई, एक हौशी आजी, म्हणाल्या की तो बोलेनासा झालाय. सगळ्यांत शेवटी कासवाच्या मालकाला फोन लागला.

"काय करतंय कासव?"

"काही नाही."

"म्हणजे हलत नाहीये?"

"अजिबात नाही!"

"एरवी हलतं का?"

"आता तुम्ही विचारल्यावर... नक्की सांगता नाही यायचं."

"आणा त्याला!"

चार वाजेपर्यंत दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. तेवीस जनावरं, त्यांची माणसं, माणसांची नातेवाईक मंडळी. दोन इंजेक्शनं म्हणता म्हणता बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आकडा वाढत गेला, आणि कोणीतरी फाइलमधल्या सगळ्या ओळींची बेरीज केल्यावर तर हलकल्लोळच झाला. दोनशे शहात्तर! शेळीने कोणाची तरी पिशवी चावायला घेतली, कुत्रे सशाकडे बघून कायदे विसरले, आणि या सगळ्याच्या मधोमध काका मांडीवर हात ठेवून गप्प बसले होते. एरवी एका शब्दात त्यांनी हा गोंधळ शांत केला असता. आता लोक त्यांच्यापासून जरा सरकूनच बसत होते. तेवढं एक बिनचूकला बघवेना. पण चूक मात्र अजून त्याला काकांचीच वाटत होती.

सासूबाई एकेका जनावराचे डोळे, जीभ, नाडी बघत होत्या. कुत्रा ठणठणीत. मांजर झोपमोड झाल्यामुळे चिडलेली, बाकी ठणठणीत. शेळीला फारच चांगली भूक होती. कासव त्यांच्या तळहातावर होतं, आणि त्याने पाय आत ओढून घेतले होते.

"डॉक्टरबाई, नक्की किती इंजेक्शनं दिली ते तरी सांगा!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"एकेकच," बाकावरून काका म्हणाले.

"मग कॉम्प्युटर काय खोटं बोलतो?"

हे ऐकल्यावर बिनचूकच्या अंगात वीरश्री संचारली. त्याच्या पोराला, म्हणजे प्रोग्रॅमला, भर सभेत कोणी खोटं म्हणतंय! बाहेरच्या भिंतीवर लोकांना करमणूक म्हणून टीव्ही लावलेला होता. त्याने कॉम्प्युटर त्याला जोडला. फाइल हातभर मोठ्या अक्षरांत भिंतीवर झळकली.

"मंडळी, शांत व्हा! मी सगळ्यांसमोर दाखवतो. यादीतून कासव निवडतो. बटण एकदा दाबतो. फक्त एकदा! खाली एकच ओळ येईल. नीट बघा!"

त्याने जादूगाराच्या थाटात बाह्या सावरल्या आणि दाबलं.

टीव्हीवर ओळी धो धो कोसळल्या. कासव, इंजेक्शन दिले. कासव, इंजेक्शन दिले. कासव, कासव, कासव! पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. चोवीस ओळी.

सगळ्यांनी टीव्हीकडे बघितलं. मग सासूबाईंच्या तळहातावरच्या कासवाकडे. मग बाकावर रिकाम्या हाताने बसलेल्या काकांकडे. मग सगळ्या माना, शेळीच्या मानेसकट, बिनचूककडे वळल्या.

"अगं बाई!" पोपटवाल्या आजी म्हणाल्या. "दिलं पण?"

बिनचूकने पुन्हा एकदा बटण दाबलं. का दाबलं हे त्याला आजतागायत सांगता आलेलं नाही. पंचवीस ओळी आल्या.

आणि मग ते त्याला दिसलं. हँडलर जन्माला घालायच्या त्या पाच-सहा ओळी त्याने बटणाच्याच कामात लिहिल्या होत्या. प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच व्हायचं ते काम दर वेळी बटण दाबलं की होत होतं. आणि परीक्षा घेताना दर वेळी प्रोग्रॅम बंद करून सुरू केल्यामुळे दुसरा हँडलर कधी तयारच झाला नव्हता.

"जावईबापू," सासूबाई अगदी हळू म्हणाल्या, "मला कळेल असं सांगा."

"आई... समजा, पेशंट आला की नोंद करायला मी एक कारकून नेमतो." "दुसरा पेशंट आला की दुसरा कारकून. पण पहिल्याला घरी पाठवायचं मी विसरलो. तोही तिथेच बसून तीच नोंद करतो. तिसऱ्या वेळी तिघं लिहितात. कासवापर्यंत तेवीस कारकून झाले होते. आणि सगळ्यांनी एकच इंजेक्शन लिहिलं."

"म्हणजे काकांनी..."

"एकेकदाच टोचलं. बटणही एकेकदाच दाबलं. बाटल्याही बरोबर होत्या. सगळं त्यांचंच बरोबर होतं." आता त्याला थांबावंसं वाटेना, लाज बाहेर पडते तेव्हा अशीच भडाभडा पडते. "चूक माझी आहे. फक्त माझी. आणि मी त्यांच्या वयावर घसरलो."

तो बाकापाशी गेला. काका मान वर करीनात. त्यांच्यासमोर वाकायचं म्हणून बिनचूकने शेजारच्या पिंजऱ्याचा आधार घेतला.

"काका, मला माफ करा. चूक—आई गं!"

पोपटाने त्याचं बोट धरलं होतं. नुसतं धरलं नव्हतं, त्याच्यावर दुपारपासून साचलेलं सगळं काढलं होतं!

"चावत नाही हो तो," आजी घाईघाईने म्हणाल्या. "जीव लावतो."

बिनचूक बोट झटकत थयथया नाचत होता, फरशीवर लाल ठिपके पडत होते, आणि तेवीस कुटुंबं पाहत होती. तेवढ्यात काका उठले. खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला, बटणं लावली, टेबलावरची किल्ली उचलून कपाट उघडलं. रक्त दिसल्यावर रागावून बसणं त्यांना सव्वीस वर्षांत जमलेलं नव्हतं.

"बसा," ते म्हणाले. "हलू नका. हलतं जनावर मला आवडत नाही."

त्यांनी जखम धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली. हात इतका हलका की बिनचूकला कळलंही नाही. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते काही औषध झोंबलं म्हणून नव्हे.

"काका, जाऊ नका हो."

"माझी वही चालू राहील," काका पट्टीची गाठ मारत म्हणाले. "तुमच्या फाइलच्या शेजारी. रोज दोन्ही ताडून बघायच्या. आणि न जुळल्यास आधी तुमची तपासायची."

"कबूल!"

"मग कोण जातंय?" म्हणत काका गर्दीकडे वळले. "ए, त्या शेळीच्या तोंडातली पिशवी काढा आधी! आणि रांगेत बसा सगळे!" क्षणात दवाखाना शांत झाला. कासवानेसुद्धा एक पाय बाहेर काढला.

बिनचूकने त्या संध्याकाळी हँडलरच्या ओळी बटणातून उचलून प्रोग्रॅमच्या सुरुवातीला नेल्या. एकदाच नेमणूक, एकच कारकून. मग न थांबता, न बंद करता पन्नास वेळा बटण दाबून पाहिलं. पन्नास ओळी! फाइलमधलं जास्तीचं सगळं एकेक ओळ बघत काढलं आणि तेवीस जनावरांच्या तेवीस नोंदी ठेवल्या.

काकांनीही रात्री बसून त्या दिवसाच्या नोंदी वहीत उतरवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी ठरल्याप्रमाणे दोन्ही समोर घेतल्या. फाइलमध्ये तेवीस. वहीत चोवीस.

बिनचूकच्या ओठांवर "वहीत चूक" इतकं आलं होतं. त्याने ते कसंबसं गिळलं.

"काका," तो अदबीने म्हणाला, "कालच्या पानावर एक जास्त दिसतंय. माझंच काही चुकलं असेल, पण जरा वाचून सांगता?"

काकांनी वही त्याच्याकडे सरकवली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. गंमत म्हणजे ही एक ओळ कोणालाही वाचता येईल अशा सुवाच्य अक्षरात होती. वहीला रकाने होते. जनावर: जावई. नर की मादी: नर. वय: चौतीस. काय केलं: उजव्या हाताच्या बोटाला मलमपट्टी. आणि शेवटचा रकाना होता, 'चावतो का?' त्याच्यापुढे काकांनी लिहिलं होतं, 'दुपारी हो. संध्याकाळी नाही.'

"जुळलं का?" सासूबाईंनी आतल्या खोलीतून विचारलं.

बिनचूकने पट्टी बांधलेल्या बोटाने हळूच फाइल उघडली.

"वही बरोबर आहे, आई," तो म्हणाला. "माझ्याकडून एक जनावर राहिलंय."